धरणे आणि सोडणे



आत्मचरित्र या वाङ्मयप्रकाराचा अभ्यास करताना आपण लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथापाशी निश्चितच येता. त्या ग्रंथाची रचना, त्याची भाषा, त्यातील विनोद यांविषयी आपणांस पुष्कळ वाचावयास मिळेल. या लेखात मी त्या ग्रंथाविषयी विचारल्या गेलेल्या एकाच प्रश्नाविषयी लिहिणार आहे. तो प्रश्न माझ्या वर्गात विचारला गेला. त्याचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही, आणि पुढे सापडले तेव्हा ते केवळ साहित्याच्या अभ्यासापुरते राहिले नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रत्नागिरीच्या अभ्यासकेंद्रावर रविवारचे संपर्कसत्र चालू होते. समोर आपल्यासारखेच विद्यार्थी होते: एसटीतील एक वाहक, दुकानात हिशेब लिहिणारे एक गृहस्थ, मिरकरवाड्यातील एक तरुण मच्छीमार, दोन-तीन गृहिणी आणि एक अंगणवाडी सेविका. मी नारायण वामन टिळकांच्या धर्मांतराचा प्रसंग आणि त्यानंतरचा पतिपत्नींचा वियोग सांगितला व समारोप करताना म्हणालो, "अखेरीस लक्ष्मीबाईंनी टिळकांना क्षमा केली आणि मोडलेला संसार पुन्हा उभा राहिला."

अंगणवाडी सेविकेने हात वर केला. "सर, त्या काळच्या बाईला दुसरा मार्ग तरी होता का? मार्ग नाही म्हणून नवऱ्याकडे परत जायचे, याला क्षमा म्हणायचे का?"

मी काहीतरी पुस्तकी उत्तर दिले. त्यांनी ते वहीत उतरवूनही घेतले. मात्र त्यांचे समाधान झाले नव्हते, आणि माझेही झाले नव्हते. क्षमेविषयी बोलण्याचा अधिकार मला नाही, हे मला आतून ठाऊक होते.

त्याचे कारण सांगणे आवश्यक आहे. आमचे मूळ घर रत्नागिरी तालुक्यातील एका खेड्यात आहे. घरामागे वडिलांनी लावलेली हापूसची साठ-सत्तर कलमे आहेत. वडील गेल्यानंतर काही महिन्यांनी मला कळले की, आजारपणाच्या अखेरच्या काळात त्यांनी ती सबंध बाग माझ्या थोरल्या बंधूंच्या नावे बक्षीसपत्राने करून दिली होती. सातबाऱ्यावर तसा फेरफारही झाला होता. मला कोणी एका शब्दाने सांगितले नव्हते. मी विचारले तेव्हा दादा एवढेच म्हणाला, "तुला पगार आहे, तुला बाग कशाला?" त्यानंतर सलग अकरा वर्षे मी गणपतीला घरी गेलो नाही. कोकणातल्या माणसाने गणपतीला घरी न जाणे म्हणजे काय, हे आपणांपैकी जे कोकणातले आहेत त्यांना अधिक सांगावयास नको.

मराठीत 'दावा' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक, न्यायालयात लावलेला खटला, दुसरा, वैर. भाषेने एकाच शब्दात या दोन गोष्टी उगीच ठेवलेल्या नाहीत. मी न्यायालयात दावा लावला नाही. भावाला कोर्टात खेचले नाही, याचा मला अभिमानही वाटे. परंतु मनात तो दावा मी अकरा वर्षे चालवला. वादी मी, साक्षीदार मी आणि न्यायाधीशही मीच. प्रतिवादीला त्या न्यायालयात बोलण्याची मुभा नव्हती. प्रत्येक वेळी निकाल माझ्या बाजूने लागे, आणि तरीही दुसऱ्या दिवशी खटला पुन्हा उभा राही.

त्या रविवारनंतर मी 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचावयास घेतले. या वेळी प्राध्यापक म्हणून नव्हे, तर त्या प्रश्नाचे उत्तर शोधणारा एक वाचक म्हणून.

कथेचा सांगाडा आपण प्रथम ध्यानात घेऊ. नारायण वामन टिळकांचा जन्म १८६१ साली आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. बुद्धी तीव्र, मन उदार, स्वभाव तापट आणि पायाला भिंगरी. नागपूरहून राजनांदगावकडे आगगाडीने जात असता एका सहप्रवाशाने त्यांना 'नवा करार' हा ग्रंथ दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्याचे अतिरेकी वेड असलेल्या पित्याच्या घरात वाढलेल्या. त्यांच्या दृष्टीने पतीचे धर्मांतर ही जवळजवळ वैधव्याएवढी आपत्ती होती. पदरी लहान मुलगा. काही वर्षे त्या नातलगांच्या आधाराने पतीपासून दूर राहिल्या. पुढे त्या नगर जिल्ह्यात टिळकांकडे आल्या, तरी आपले सोवळे त्यांनी सोडले नव्हते. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांना स्वतःच्या मनाशी सोडवावा लागला. तो सुटल्यावर त्या कोणाच्याही हातचे खाऊपिऊ लागल्या आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळू. दुसरा मार्ग नव्हता का? मार्ग फार थोडे होते, हे खरेच. परंतु लक्ष्मीबाई लगेच गेल्या नाहीत. गेल्यावर लगेच पतीचा धर्म त्यांनी उचलला नाही. त्यांच्या मनाला पटेपर्यंत त्या थांबल्या. नाइलाजाने वागणारी व्यक्ती इतका वेळ घेत नाही. ती मान तुकवते आणि आतून धुमसत राहते. या धुमसण्याची खूण तिच्या भाषेत उतरते. म्हणून मी त्यांची भाषा तपासू लागलो. भाषाविज्ञानाच्या माणसाला तेवढेच येते.

पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की लक्ष्मीबाई काहीही लपवत नाहीत. पतीचा संताप, न सांगता घर सोडून जाणे, घरात पैसा नसताना असेल ते देऊन टाकणे, त्यापायी झालेले हाल, हे सारे तेथे आहे. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाले. टिळकांना जाऊन तेव्हा पंधराहून अधिक वर्षे झाली होती, आणि कवी व संत म्हणून त्यांचा लौकिक पसरला होता. त्या लौकिकाला धक्का लागेल म्हणून त्या थांबल्या नाहीत. दुसरी गोष्ट अशी की, पतीचे नाव घेणे स्त्रीला वर्ज्य असलेल्या काळात वाढलेली ही लेखिका त्यांचा उल्लेख सरळ 'टिळक' असा करते. या उल्लेखात आदर आहे, अंतर आहे आणि बरोबरीही आहे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. त्या घटना सांगतात, आरोपपत्र वाचत नाहीत. वाचकाकडून निकालाची अपेक्षा करत नाहीत. ज्या प्रसंगात पतीवर रागवावे तेथे त्या स्वतःलाही हास्यास्पद करून मोकळ्या होतात.

म्हणजे येथे स्मरण संपूर्ण आहे, मात्र दावा नाही. आपण सहज म्हणतो, 'झाले गेले विसरून जा.' लक्ष्मीबाई काही विसरलेल्या नाहीत. ग्रंथाचे नावच स्मृतीवरून ठेवलेले आहे. मग त्यांनी केले काय? मला वाटते, त्यांनी सोडले. विसरणे आणि सोडणे या दोन भिन्न क्रिया आहेत.

मराठी भाषा हा भेद जाणते. राग आपण 'धरतो', अढी 'धरतो', डूख 'धरतो', मनात 'धरून ठेवतो'. ही सारी मुठीची भाषा आहे. 'राग' या शब्दाचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. 'रञ्ज्' म्हणजे रंगणे, या धातूपासून तो आला. संस्कृतात त्याचा अर्थ रंग, आसक्ती, अनुराग असा आहे; मराठीत तो संताप झाला. आसक्ती आणि संताप हे शब्दार्थ परस्परविरोधी भासतात, तरी अकरा वर्षांच्या अनुभवावरून मी सांगतो की, रागालाही माणूस आसक्त होतो. त्याला त्या रागाची सोबत वाटू लागते.

ज्या 'नव्या करारा'ने टिळकांना भारावले, तो मुळात ग्रीक भाषेतला. त्यात क्षमा करण्यासाठी जे क्रियापद प्रामुख्याने येते ते 'अफिएमी'. त्याचा साधा अर्थ सोडणे, जाऊ देणे, मागे ठेवणे. येशूने हाक दिल्यावर गालील सरोवरावरच्या कोळ्यांनी आपली जाळी सोडली, असे मार्काच्या शुभवर्तमानात सांगितले आहे. तेथेही हेच क्रियापद आहे. जाळे सोडणे आणि अपराध सोडणे यांसाठी एकच शब्द.

हे मी पुढच्या एका सत्रात सांगितले तेव्हा मिरकरवाड्याचा तो तरुण म्हणाला, "सर, जाळं खडकाला अडकलं आणि समुद्र उसळला, की तांडेल जाळं कापायला सांगतो. जीव तुटतो, कारण जाळं महाग असतं. पण ओढत बसलं तर होडीच आडवी होते." ग्रीक व्याकरणाने मला जे समजावले नव्हते ते या वाक्याने समजावले. सोडायची ती वस्तू क्षुल्लक असते म्हणून आपण सोडत नाही. ती मोलाचीच असते.

येथे आपल्या परंपरेतील एका शब्दाशी तुलना करू. 'क्षमा' हा शब्द 'क्षम्' म्हणजे सहन करणे, समर्थ असणे, या धातूपासून आला. क्षमा हे पृथ्वीचेही एक नाव आहे, कारण ती सर्व सोसते. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात क्षान्ती या गुणाचे सविस्तर विवरण आहे, ते आपण अवश्य वाचा. तेथे भर आहे तो सोसणाऱ्याच्या स्थैर्यावर. ख्रिस्ती विचारात भर पडतो तो ऋणावर. येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत, मत्तयाच्या पाठात, अपराधासाठी 'ऋण' हाच शब्द येतो. आमचे ऋण सोड, जसे आम्ही इतरांचे सोडले आहे, अशा आशयाची ती याचना आहे.

अपराध म्हणजे ऋण, असे मानल्याने दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही, की ऋण सोडण्यापूर्वी ते होते असे मान्य करावे लागते. 'तसे काही झालेच नाही' असे म्हणणाऱ्याजवळ सोडण्यासारखे काही उरत नाही. दुसरी गोष्ट, सोडलेले ऋण हवेत विरून जात नाही. आपल्याकडे शेतकऱ्यांची कर्जमाफी होते तेव्हा त्या रकमेचा भार सरकारी तिजोरीवर पडतो. कोणीतरी ती सोसतो. क्षमेतही तसेच आहे. नुकसान नाहीसे होत नाही, क्षमा करणारा ते आपल्या अंगावर घेतो. ख्रिस्ती श्रद्धेत क्रूसाला जे स्थान आहे, ते याच कारणाने आहे. आपल्याला खिळणाऱ्यांसाठी येशूने तेथे क्षमेची प्रार्थना केली, असे लूक सांगतो. क्षमा फुकट मिळत नाही, ती देणाऱ्याला महाग पडते, ही त्या श्रद्धेची शिकवण आहे. मी ख्रिस्ती नाही. पण ही शिकवण मला खरी वाटते.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात या ऋणाविषयी एक दृष्टान्त आहे. एका चाकराला राजाचे दहा हजार तालांत देणे होते. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार, आणि एक दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे ते देणे सुमारे सहा कोटी दिवसांच्या मजुरीएवढे होते. कोणत्याही जन्मात न फिटणारे. राजाने ते सोडले. तोच चाकर बाहेर पडला आणि शंभर दीनार देणे असलेल्या सोबत्याचा त्याने गळा धरला. आपल्या लक्षात आले असेल की शंभर दीनार ही काही क्षुल्लक रक्कम नाही. ती तीन-चार महिन्यांची कमाई आहे. दृष्टान्त त्या सोबत्याचे देणे नाकारत नाही. तो चाकराला एवढेच विचारतो, की तुझ्या स्वतःच्या खात्याचे काय?

या प्रश्नाने मी थांबलो. अकरा वर्षे मी दादाच्या नावे काय काय आहे तेवढेच लिहीत होतो. वहीचे दुसरे पान मी कधी उलटलेच नव्हते. वडील अंथरुणावर होते ती शेवटची चार वर्षे दादा आणि वहिनींनी काढली होती. रात्री उठून वडिलांना कुशीवर वळवणे, त्यांची आंघोळ, त्यांची चिडचिड, हे सारे त्यांनी केले. मी महिन्यातून एकदा फळांची पिशवी घेऊन जात असे आणि संध्याकाळच्या गाडीने परतत असे. माझ्या या गैरहजेरीचा दादाने कधी उच्चार केला नव्हता. म्हणजे माझे एक ऋण त्याने कोणताही गाजावाजा न करता सोडले होते, आणि मी मात्र कलमे मोजत बसलो होतो. बक्षीसपत्र माझ्यापासून लपवणे चूक होते. ते आजही मला चूकच वाटते. मात्र आता त्या चुकीकडे मी उंचावरून पाहू शकत नव्हतो.

बाराव्या वर्षी मी गणपतीला गावी गेलो. ओटीवर दादा एकटाच बसला होता. मी म्हणालो, "दादा, बागेचं मला फार लागलं होतं. तू मला सांगायला हवं होतंस. पण ते मी आता सोडलं." तो बराच वेळ समोरच्या अंगणाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "आरतीला थांबतोयस ना?" त्याने क्षमा मागितली नाही. बाग त्याच्याच नावावर आहे. त्या रात्री मात्र मी कित्येक वर्षांनी त्या घरात झोपलो.

ही गोष्ट येथे संपली असे मी म्हणालो तर ते खरे होणार नाही. दर एप्रिलमध्ये आंब्याच्या पेटीचा भाव वर्तमानपत्रात वाचला की जुना दावा मनात पुन्हा उभा राहतो. किती वेळा क्षमा करावी, सात वेळा का, असे पेत्राने येशूला विचारले होते. उत्तर मिळाले, सातांच्या सत्तर पट. पूर्वी मला वाटे, हा आकडा चारशे नव्वद निरनिराळ्या अपराधांसाठी असावा. आता वाटते, एकच अपराधही तितक्या वेळा सोडावा लागत असेल.

मित्रहो, या विषयाचा गैरवापरही होतो, म्हणून दोन गोष्टी निक्षून सांगतो. क्षमा आणि समेट एक नव्हेत. क्षमेला एक माणूस पुरतो. समेटाला दोघे लागतात, आणि दुसऱ्याने बदलावे लागते. जिला घरात मारहाण होते तिला 'क्षमा कर आणि परत जा' असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. तिने स्वतःचे रक्षण करावे, कायद्याची मदत घ्यावी. तिच्या मनातले विष कधी आणि कसे सोडायचे हे तिचे ती ठरवील. दुसरी गोष्ट, क्षमा न्यायाला रद्द करत नाही. शुभवर्तमानातील जक्कय हा जकातदार येशूच्या सहवासाने पालटला, तेव्हा ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करीन असे त्याने जाहीर केले. केलेल्या अपराधाची भरपाई देणे हे क्षमेच्या विरुद्ध नाही. उलट, क्षमा मिळाल्याची ती खूण असते.

पुढच्या वर्षी ती अंगणवाडी सेविका मला परीक्षाकेंद्रावर भेटली. मी तिला म्हणालो, "आपल्या प्रश्नाचे उत्तर उशिरा सापडले." मग लक्ष्मीबाईंची भाषा, त्यांचे थांबणे, काहीही न लपवणे, हे सारे सांगितले. आपण तो प्रश्न का विचारला होता, हे मी विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "म्हणजे सर, आधी सगळं खरं सांगायचं आणि मग सोडायचं. न सांगता सोडलं तर ते नुसतं गिळणं झालं." माझ्या दीर्घ विवेचनात जे होते ते त्यांनी दोन वाक्यांत मांडले. हे उत्तर आता मी प्रत्येक वर्गात त्यांचे म्हणूनच सांगतो.

आपण 'स्मृतिचित्रे' वाचाल तेव्हा एक छोटा स्वाध्याय करून पाहा. जेथे लेखिकेवर अन्याय झाला असे आपणांस वाटते, असे तीन प्रसंग निवडा. त्या प्रसंगातील वाक्ये कशी रचली आहेत, कर्ता कोण आहे, विशेषणे किती आहेत आणि लेखिका स्वतः कोठे उभी आहे, हे लिहून काढा. नंतर, इच्छा असेल तर, आपल्या आयुष्यातील असाच एक प्रसंग त्याच रीतीने लिहा. हा दुसरा भाग तपासण्यासाठी पाठवू नये. तो आपणच वाचावा, आणि त्यात दाव्याची भाषा कोठे कोठे उरली आहे ते पाहावे.